राउटरच्या पॅनलमधला पंखा बोंबलतोय, तेल घालू की बदलू?

मखरवाला_कुडाळ
४ ऑगस्ट, रात्री १०.५०

मंडळी, चतुर्थी तीन आठवड्यांवर आली आणि माझ्या मशीनने सूर लावलाय.

मशीन म्हणजे चार बाय आठ फुटी सीएनसी राउटर, कॉम्प्युटरवरच्या नक्षीप्रमाणे लाकूड कापणारं; २.२ किलोवॅटचा स्पिंडल, म्हणजे कापणारा बिट फिरवणारी मोटर, आणि तिचा वेग सांभाळायला सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह. थर्माकोलवर बंदी आल्यापासून श्रावणात माझं एकच काम, एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुग्याच्या फळ्यांची, मखरं कापणं. सकाळी आठला सुरू केलं की रात्री नऊला बंद.

परवापासून पॅनलमधून घरघर येतेय. सकाळी स्विच टाकला की पहिली पाच-सात मिनिटं पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज. मग तो किरकिरीवर येतो आणि मशीन तापलं की जवळपास गप्प. रात्री पाऊस जोरात झाला असेल तर दुसऱ्या दिवशी जास्त. शेजारच्या आजी काल कुंपणावरून विचारत होत्या, "गिरण घातलंस काय रे?"

पॅनलमध्ये पंखे तीन. दारावर मोठा, पॉवर सप्लायचा एक आणि व्हीएफडीच्या डोक्यावर एक. कुठला बोंबलतोय ते कळत नाही, पत्र्याची पेटी असल्याने आवाज सगळीकडूनच येतो. तेल घालून चतुर्थीपर्यंत ढकलू, की आत्ताच बदलू?

गावकर_वाइंडिंग (मालवण)
४ ऑगस्ट, रात्री ११.१५

झिला, आदी मेन पाडून ठेव, मगे हात घाल. पंख्याच्या मदी स्टिकर असता, तो नखान उचल. खाली रबराचा बूच असला तर काढ. शिलाई मशीनच्या तेलाचो एक थेंब. एकच! दोन घातलंस तर तेल पात्यांवर येतला आणि भुसो चिकटतलो. चतुर्थी जातली आरामात.

पॅनलवाला_लोटे
५ ऑगस्ट, सकाळी ७.०५

गावकर काकांचं तेल बुशच्या पंख्याला, म्हणजे ज्याचा दांडा साध्या नळीत फिरतो त्याला, लागू पडतं. बॉल बेअरिंगच्या पंख्याला स्टिकरखालून तेल घातलं तर ते बेअरिंगपर्यंत नीट पोचतही नाही, आणि गोळ्यांच्या वाटेवर गंज धरला असेल तर तेलाने आवाज दोन दिवस दबतो, इतकंच. शिवाय डब्ल्यूडी-४० फवारायचा मोह टाळा. ते गंजलेला बोल्ट सोडवायला आहे, उडून जातं आणि जाताना उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं.

पण त्याच्या आधी कुठला पंखा ते शोधा. मी कंपनीत असं करतो. आइस्क्रीमची लाकडी काडी घ्यायची, कोरडी. पॅनल चालू ठेवून काडीचं टोक पंख्याच्या मधल्या गोल डोक्यावर हलकं दाबायचं, पात्यांवर नाही. पंखा दोन सेकंद थांबतो, त्याला काही होत नाही. आवाज थांबला तर तोच. नाही थांबला तर पुढचा. दुसरा हात खिशात ठेवायचा, बाही गुंडाळायची. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायची मेकॅनिकची सवय चालू पॅनलमध्ये अजिबात नको.

एक गोष्ट ओरडून सांगतो. व्हीएफडी उघडायचा असेल तर मेन पाडल्यावर दहा मिनिटं थांबा. तुमच्या सिंगल फेज ड्राइव्हच्या आत कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेला असतो. डिस्प्ले विझला म्हणजे तो उतरला असं नाही. मल्टिमीटरने डीसी बसवर, म्हणजे त्या कपॅसिटरच्या टर्मिनलवर, मोजा, आणि मगच हात.

शिवणताई_वेंगुर्ला
५ ऑगस्ट, दुपारी १.३०

माझी गोष्ट सांगते, हसू नका. माझ्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरी मशीन आहे, त्याच्या कंट्रोल पेटीतला पंखा मागच्या दिवाळीत असाच करकरायला लागला. घरात तेल कुठलं? खोबरेल. घातलं. आवाज असा गेला की मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले.

मग डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी मशीन लावलं तर पंखा ढिम्म. पाच मिनिटांत पेटीतून गरम वास. स्वयंपाकघरात गेले तर बाटलीतलं खोबरेल थिजून पांढरं झालेलं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पंख्याच्या आतही तेच झालेलं. हेअर ड्रायरने शेकून चालू केला आणि त्याच आठवड्यात बदलला.

गावकर_वाइंडिंग (मालवण)
५ ऑगस्ट, दुपारी २.१०

ताई, खोबरेल केसांक. मशीनीक नाय.

मखरवाला_कुडाळ
५ ऑगस्ट, रात्री ९.४०

काडी लावली. दारावरचा मोठा निर्दोष. पॉवर सप्लायचा थोडा कुरकुरतो पण मुख्य गुन्हेगार व्हीएफडीवरचा. काडी टेकवली आणि एकदम शांतता, इतकी की बाहेरचे बेडूक ऐकू आले.

मेन पाडून, वाट बघून काढला. वरचं प्लास्टिकचं झाकण दोन खिट्ट्यांवर असतं, पंखा त्यातच बसलेला, दोन वायरचा छोटा कनेक्टर. हातात घेऊन पातं बोटाने फिरवलं तर कणाकणाने अडकतंय, वाळू घातल्यासारखं. डोकं धरून हलवलं तर आडवं डुलतं. लेबलवर २४ व्होल्ट डीसी, ०.२१ अँपिअर. माप ६० बाय ६०, जाडी २५ मिमी. कंपनीचं नाव पुसलेलं.

गावात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. ६० मिमीचा आहे म्हणाला, पण १२ व्होल्टचा. "चालतो हो, सगळे सारखेच" असं म्हणाला. चालतो का?

चाकरमानी_डोंबिवली
५ ऑगस्ट, रात्री १०.२०

नाही चालत! १२ चा पंखा २४ वर लावलात तर काही वेळ विमानासारखा उडेल आणि मग त्याच्या आतलं सर्किट जळेल. उलटं, २४ चा १२ वर चालेल पण निम्म्या वेगाने.

मापाचं सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. पंखा मापताना चौकटीची बाजू मोजा, भोकांमधलं अंतर नाही. ६० च्या पंख्याच्या भोकांत ५० मिमी अंतर असतं, ८० च्या ७१.५, १२० च्या १०५. ४० चा असेल तर ३२. फोनवर "भोकं पन्नासची आहेत" म्हटलंत तर दुकानदार पन्नासचा पंखा पाठवतो. माझ्या भावाने हा घोळ दोनदा केलाय.

दुसरं, लाल प्लस, काळी मायनस. जुना कनेक्टर वायरीसकट कापून ठेवा, नव्या पंख्याला तोच सोल्डर करा, वर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). नवीन पंख्याला आलेला कनेक्टर दिसायला तसाच असतो पण कधी दात वेगळ्या अंतरावर, कधी लाल-काळी उलट.

पॅनलवाला_लोटे
५ ऑगस्ट, रात्री १०.४५

तुमचा दोन वायरचा आहे, सुटलात. तीन वायर असत्या तर वेगळी कथा.

आमच्याकडे एका मशीनच्या ड्राइव्हचा पंखा गेला. व्होल्ट तेच, अँपिअर तेच, माप तेच, तीन वायर, तिसरी पिवळी. लावला, मस्त फिरायला लागला, आणि ड्राइव्ह सांगतोय पंखा बंद आहे. अर्धा दिवस गेला. मग कळलं की पिवळ्या वायरचे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके येतात, म्हणजे वेग मोजायचा सिग्नल. दुसऱ्यात ठोके नसतात, पंखा फिरतोय तोवर वायर खाली खेचलेली आणि अडकला की सोडलेली. आमच्या ड्राइव्हला दुसरा हवा होता, आम्ही पहिला आणला होता. तेव्हापासून मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षरसुद्धा जुळवल्याशिवाय ऑर्डर देत नाही.

मखरवाला_कुडाळ
६ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१५

काम फत्ते! सावंतवाडीचा एक मित्र थ्री-डी प्रिंटरवर साचे काढतो, त्याच्याकडे २४ व्होल्टचा ६० चा पंखा पडून होता. खोक्यावर "सायलेंट" लिहिलेलं. जाडी १५ मिमी, पण झाकणात बसला, स्क्रू छोटे घातले. करंट ०.०८ अँपिअर, म्हणजे वीजही कमी. सोल्डर केला, लावला. मशीन चालू आहे की नाही हे बघायला दिव्याकडे बघावं लागतंय. सर्वांचे आभार.

चाकरमानी_डोंबिवली
६ ऑगस्ट, रात्री ८.००

०.२१ च्या जागी ०.०८? दादा, तापमानावर लक्ष ठेवा.

मखरवाला_कुडाळ
९ ऑगस्ट, दुपारी ४.३०

लक्ष ठेवायचं राहिलं.

दुपारी तीनला १८ मिमीच्या एमडीएफमध्ये महिरप कापत होतो. ऊन पडलं होतं, पत्रा तापलेला. मध्येच स्पिंडलचा आवाज उतरत गेला आणि बंद. व्हीएफडीवर ओएच, म्हणजे अति गरम. पण स्पिंडल थांबला तरी टेबलाच्या मोटरना कोण सांगणार? गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी कमान, आपली चाललीच पुढे. न फिरणारा सहा मिमीचा बिट एमडीएफमध्ये रुतला, वाकला, तुटला. तुकडा माझ्या कानाजवळून गेला. शीट वाया, बिट वाया, छाती अजून धडधडतेय.

चाकरमानी_डोंबिवली
९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.०५

डोळ्याला लागलं नाही हे नशीब. चष्मा घाला दादा, कृपया.

हिशोब मांडतो. २.२ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण भाराला साधारण ४ टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे ९० वॅटच्या आसपास. एवढी उष्णता हवेचं तापमान फक्त १० अंशांनी वाढवून बाहेर न्यायची तर मिनिटाला १६ घनफूट हवा लागते. सूत्र सोपं आहे: वॅट गुणिले १.७६, भागिले तापमानातली वाढ. उत्तर सीएफएममध्ये येतं.

तुमचा जुना पंखा पाच वॅटचा होता, नवा दोन वॅटचा. खोक्यावरचा सीएफएम आकडा उघड्या हवेतला असतो. इथे हवा हीटसिंकच्या, म्हणजे ड्राइव्हची उष्णता सोडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या, दाट पट्ट्यांतून ढकलायची आहे, तिथे दाब लागतो. आणि पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणून माणूस खूश. पातळ, हळू फिरणारा पंखा पट्ट्यांसमोर नुसता जागच्या जागी हवा घुसळत बसतो.

ट्रिप झाला ते एका अर्थी बरं. ट्रिप न होता महिनोन् महिने तापत राहिला असता तर आतले कपॅसिटर गेले असते. त्यांचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं.

पॅनलवाला_लोटे
९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

पंख्याचं नंतर बघू. पहिल्यांदा ही वायर टाका: बहुतेक व्हीएफडीवर फॉल्ट रिले असतो, बहुधा तीन टर्मिनल, त्यातला एक कॉमन. ड्राइव्ह ट्रिप झाला की त्याचा संपर्क पलटतो. तो मशीनच्या कंट्रोलरच्या इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत घाला. स्पिंडल पडला की गॅन्ट्रीही जागेवर थांबली पाहिजे. दोन वायर आणि सेटिंगमध्ये एक आकडा, इतकंच काम. विकणारे बरेचदा ते जोडूनच देत नाहीत.

आणि तापमान मोजताना लेझरवाली गन थेट चकचकीत अॅल्युमिनियमवर धरू नका, खूपच कमी दाखवते. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा हीटसिंकवर चिकटवा, दोन मिनिटांनी त्यावर मारा.

मखरवाला_कुडाळ
९ ऑगस्ट, रात्री १०.००

पट्टी लावून मोजलं. मशीन रिकामं फिरवत अर्ध्या तासात ७१ अंश, तेही रात्री. पट्टी न लावता हीच गन ४४ दाखवत होती आणि मी तेवढ्यावर निर्धास्त होतो.

फॉल्ट रिलेची वायर उद्या सकाळी पहिलं काम.

खारावारा_मिरकरवाडा
१० ऑगस्ट, सकाळी ६.४५

मी ट्रॉलरवरची इलेक्ट्रॉनिक्स बघतो, मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातले पॅनलही. सगळा धागा वाचला. पंखा कुठला लावायचा ते झालं, पण तो गेला का हे कुणीच विचारलं नाही.

दादा, दारावरचा मोठा पंखा हवा आत घेतो की बाहेर टाकतो? सिगारेट नसेल तर उदबत्ती धरून बघा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे आणि स्टिकर असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आणि फिल्टर आहे का?

मखरवाला_कुडाळ
१० ऑगस्ट, दुपारी १२.३०

उदबत्ती धरली. धूर सरळ आत गेला.

दारावरच्या जाळीमागे स्पंज होता. होता म्हणजे, तो काढला तेव्हा चपातीसारखा घट्ट, तपकिरी, एका बाजूने एमडीएफचा पीठासारखा भुगा ओलीने थापला गेलेला. बोटाने सोलला तर पापुद्रा निघाला. खालच्या कोपऱ्यात मात्र स्पंज फाटलेला, म्हणजे हवा तिथूनच जात होती, गाळली न जाता थेट व्हीएफडीच्या तोंडाशी. आणि बाहेर जायची जाळी वर आहे, तिच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. अर्धी जाळी बुजलेली. दारावरच्याने भुसा आत ओढायचा, व्हीएफडीच्याने तो गिळायचा, आणि बाहेरची वाट बंद.

तांबडी_चिरेखाण
१० ऑगस्ट, दुपारी १.१०

कुंभारणीबद्दल बोलायलाच नको. आमच्या चिरे कापायच्या मशीनच्या स्टार्टरमध्ये दर पावसाळ्यात एक बिऱ्हाड असतं. आता जाळ्यांवर मच्छरदाणीचं कापड ताणून लावतो, आठवड्याने झटकतो.

खारावारा_मिरकरवाडा
१० ऑगस्ट, दुपारी २.००

तेच म्हणत होतो. आता मिठाचं ऐका. तुम्ही कुडाळात आहात, आमच्यासारखे बंदरावर नाही, पण पावसाळी वाऱ्याबरोबर मीठ आत पोचतंच. मीठ कोरडं असतं तोवर गरीब. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याच्या खाली कधी येते? मग भुग्यात मुरलेलं ते खारट पाणी रात्रभर बेअरिंगवर आणि सर्किटवर बसतं. सकाळी चालू केलं की घरघर, तापल्यावर सुकलं की गप्प. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर होतं.

उपाय स्वस्त आहेत. एक, रात्री मशीन बंद केल्यावर पॅनलमध्ये २५ वॅटचा साधा पिवळा बल्ब जळत ठेवायचा, वेगळ्या एमसीबीवर, वायरींपासून लांब, जाळीच्या पिंजऱ्यात. एलईडी नको, तो तापत नाही. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश वर राहिलं तरी दव धरत नाही. दोन, हवा कापायच्या बाजूने घेऊ नका. पॅनलच्या मागच्या भिंतीतून चार इंची पीव्हीसी पाइप काढा, बाहेर वळण देऊन तोंड खाली करा म्हणजे पाऊस येणार नाही, आणि फिल्टर पाइपच्या तोंडाशी बसवा जिथे हात पोचेल. हात पोचत नाही तो फिल्टर कुणी धूत नाही. तीन, घर चार-पाच दिवस बंद ठेवणार असाल तर आल्यावर आधी बल्ब दोन तास, मग मेन. गणपतीनंतर बंद वर्कशॉप उघडून थेट स्विच टाकला आणि ड्राइव्ह फुटला, असे माझ्याकडे दरवर्षी दोन तरी येतात.

पॅनलवाला_लोटे
१० ऑगस्ट, दुपारी २.४०

बरोबर. साफ करताना कंप्रेसरची हवा मारायची झाली तर आधी मोकळ्यावर मारून टाकीतलं पाणी उडवा, पावसाळ्यात नळीतून पिचकारीच येते. आणि पंख्याचं डोकं बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा भन्नाट फिरवायची मजा सगळे घेतात. त्यात बेअरिंग त्याच्या वेगापलीकडे जातं, आणि फिरणारा पंखा उलटी वीज तयार करून सर्किटमध्ये ढकलतो. एमडीएफचा भुगा नाकात घेऊ नका, मास्क लावा, ब्रश आणि व्हॅक्यूमने जेवढा निघेल तेवढा आधी काढा.

चाकरमानी_डोंबिवली
१० ऑगस्ट, रात्री ९.३०

पंख्याचं मी बघतो. उद्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, माझं काम आहे. ६०×६०×२५, २४ व्होल्ट, ०.२० ते ०.२५ अँपिअर, दोन वायर, बॉल बेअरिंग. दोन आणतो. पॉवर सप्लायचा कुरकुरतोय त्याचंही लेबल वाचून सांगा, तो बहुधा १२ व्होल्टचा असेल. मंगळवारी रात्री कोकणकन्येने निघतोय, घरी रंगकाम काढलंय. कुडाळला गाडी थांबेल तेवढ्यात डब्याच्या दारात उभा राहतो.

मखरवाला_कुडाळ
१० ऑगस्ट, रात्री ९.५०

दादा, काय बोलू. पॉवर सप्लायचा १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअर, ६० चाच, जाडी २५. डब्याचा नंबर कळवा.

तोवर व्हीएफडीचं झाकण काढून बाहेरून टेबल फॅन सोडलाय आणि कामं हलकी घेतोय. एका वेळी तीन मिमीच खोल.

गावकर_वाइंडिंग (मालवण)
१० ऑगस्ट, रात्री १०.३०

टेबल फॅन भुसो उडयता, तो ड्राइव्हात जाता. मदी शीट उभी कर आडोश्याक.

आणि तो जुनो पंखो टाकू नको हां. बॉल बेअरिंगचो असलो तर बेअरिंगा बदलूक येतत. माजो शब्द.

मखरवाला_कुडाळ
१३ ऑगस्ट, रात्री ८.४५

पंखे सकाळी मिळाले. गाडी दोन मिनिटं थांबली असेल, दारातून एक पिशवी आली आणि हात हलला. पैसे घ्यायला तयार नाहीत, चतुर्थीला त्यांच्या घरी जाऊन देणार आहे.

बसवला. नवा पंखा जुन्या निरोगी पंख्याइतकाच आवाज करतो, एकसारखा वाऱ्याचा. "सायलेंट"च्या मानाने खूपच. पण तासभर १८ मिमी कापलं, भर दुपारी, पट्टीवर ५३ अंश. पाइप काढला, फिल्टर बाहेर, कुंभारणीचं घर पाडलं (पिल्लं उडून गेलेली होती, तपासूनच पाडलं), वर मच्छरदाणी. फॉल्ट रिले जोडून मुद्दाम ट्रिप करून बघितला, गॅन्ट्री वितभरही पुढे गेली नाही. बल्बही लावलाय, रात्री जाळीतून पिवळा उजेड येतो, तर आजी म्हणाल्या, "देवघर केलंस काय मशीनीचा?"

पंख्याचं माप, व्होल्ट, अँपिअर आणि बसवल्याची तारीख पॅनलच्या दाराच्या आत मार्करने लिहून ठेवली.

एक शंका राहिली. आता मागे बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो, स्पिंडल फिरताना फक्त. आधी घरघरीत दबलेला असावा.

पॅनलवाला_लोटे
१३ ऑगस्ट, रात्री ९.१०

तो पंखा नाही. व्हीएफडी मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांत देतो, त्या कापण्याच्या वेगाचा तो सूर आहे. कॅरिअर फ्रीक्वेन्सीचं सेटिंग वाढवलं तर शिट्टी कानाच्या पलीकडे जाते, पण ड्राइव्ह जास्त तापतो. चतुर्थी होईपर्यंत हात लावू नका.

शिवणताई_वेंगुर्ला
१४ ऑगस्ट, सकाळी ११.००

तुमचं वाचून मी आमच्या पेटीचा फिल्टर काढला. त्यात इतका दोऱ्याचा पिंजर निघाला की उशी भरेल.

मखरवाला_कुडाळ
२० ऑगस्ट, रात्री ११.२०

गावकर काका, तुमचा शब्द खरा. मालवणला मखर पोचवायला गेलो होतो तेव्हा त्यांच्या दुकानात शिरलो, जुना पंखा घेऊनच. काकांनी स्टिकर सोलला, दांड्यावरची कापलेली चकती सुईने उचकटली, पाती बाहेर. आत इवलीशी दोन बेअरिंगं, ६९३ नंबरची, आत ३ मिमी, बाहेर ८, जाडी ४. एक ठीक होतं, दुसऱ्यातून चहापत्तीसारखा गंज सांडला. काकांच्या बरणीत तीच मापाची होती. एकाच्या मागे केसाएवढ्या तारेची स्प्रिंग असते, ती बेअरिंगना किंचित ताण देते, नाहीतर नवीन घातली तरी खडखडतात. काका तीन वेळा म्हणाले, "स्प्रिंग सांभाळ." आणि मी ती पाडली.

पाऊण तास आम्ही दोघं तांब्याच्या तारांच्या कचऱ्यात टॉर्च घेऊन बसलो होतो. काकांचा मुलगा चहा घेऊन आला, त्याने टेबलावर उपडी पडलेली पाती उचलली आणि विचारलं, "ह्या काय चिकाटला हा?"

पात्यांच्या आतल्या चुंबकाला लागली होती.

गावकर_वाइंडिंग (मालवण)
२० ऑगस्ट, रात्री ११.४०

चायचे पैशे ऱ्हवले तुजे.